त्या वहीत किमती लिहू नका

वाचकाचं पत्र

ताई, आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. यजमानांना कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली म्हणून गोव्यात आलो आणि इथलेच झालो. फोंडा तालुक्यात एका वाड्यावर लहानसं घर बांधलं. यंदा चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आठवडाभर आधी यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. 108 ची रुग्णवाहिका, बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ), सगळं एका रात्रीत. उजवी बाजू गेली, बोलणं बंद झालं. यंदा गणपती आणायचा नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. पण मी बांबोळीला असताना वाड्यावरच्या लोकांनी चित्रशाळेतून मूर्ती आणली, माझ्या बारा वर्षांच्या मुलाला पूजेला बसवलं आणि रात्री घुमट हे मातीचं वाद्य घेऊन आरतीला आले. गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधली ती पलीकडच्या शेजाऱ्यांनी. त्यांच्याशी आमचा गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी भिंतीवरून, वाद आहे, यजमानांनी पंचायतीत अर्जही दिलाय. ख्रिस्ती शेजारीण, आम्ही त्यांना आंटी म्हणतो, त्यांनी माटोळीसाठी नारळ आणि परसातली पपनसं पाठवली आणि माझ्या मुलीला महिनाभर आपल्याकडे झोपायला नेलं. त्यांची स्वतःची आई जूनमध्ये वारली, तरीही. दिवाळीतही तेच. सकाळी चार घरांतून फोव, म्हणजे पोहे, आले, फराळ आला. मुलगा पोरांबरोबर नरकासुराचा पुतळा करायला गेला आणि हसत घरी आला, तर मला त्याचाच राग आला.

यजमान आता घरी आहेत, आधारानं चार पावलं टाकतात, शब्द अडतात. मी एक वही केली आहे. कोणी काय दिलं आणि त्याची अंदाजे किंमत. हे कधी फिटणार? सासूबाई म्हणतात, लोकांचं किती घ्यायचं, त्यात दुसऱ्या धर्माच्या घरचं. कधी कधी दारात डबा दिसला की चीड येते आणि मग त्या चिडीची लाज वाटते. आता नाताळ आलाय. आंटींना काही मोठं द्यावं, सोन्याचं म्हणा, असं मनात आहे. आणि गडग्याचा अर्ज मागे घ्यावा का?

एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर

ताई,

वहीपासूनच सुरुवात करते, कारण पत्रात सगळ्यात जास्त ओझं मला तिचं जाणवलं.

ही सवय कुठून आली ते कळतं. आपल्याकडे लग्नामुंजीला आहेराची वही ठेवतात. कोणी साडी दिली, कोणी पाकीट, कोणी पातेलं. सगळं लिहून ठेवायचं आणि त्यांच्याकडे कार्य निघालं की तोलामोलाचं परत करायचं. रीत चांगली आहे, तिनं नाती टिकतात. पण आहेर दोन्ही घरं आनंदात असताना फिरतो. तुमच्याकडे जे आलं ते तुम्ही बांबोळीला वॉर्डबाहेर बसून होतात तेव्हा आलं, आणि ज्यांनी पाठवलं त्यांना तुम्ही परत कधी घरी याल याचीही कल्पना नव्हती. आंटींनी महिनाभर तुमच्या मुलीला जवळ घेऊन झोपवलं, त्यापुढे तुम्ही कोणता आकडा लिहिलात? मला वाटतं, तो रकाना कोराच असेल.

वही फाडू नका. किमतींवर काट मारा. नावं, दिवस आणि वस्तू राहू द्या. यजमानांच्या आयुष्यातून यंदाची चवथ निघून गेली. मूर्ती कोणी आणली, मुलगा पूजेला कसा बसला, माटोळीला काय काय टांगलं होतं, हे त्यांना कळायला हवं. रोज थोडं थोडं त्यांना त्या वहीतून वाचून दाखवा. पक्षाघातात उच्चार अडले तरी बऱ्याच जणांना समोरचं बोलणं कळत असतं, आणि घरात आपल्याला वगळून सगळं चाललंय ही भावना त्यांना फार खाते.

रोख पैशांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. कोणी तपासण्यांना, औषधांना पैसे दिले असतील तर ते रक्कम आणि तारखेसकट लिहा, आणि कधीपासून किती द्याल ते त्यांना स्वतःहून सांगा, मग महिन्याला हजार रुपये का असेनात. पैशाबद्दल न बोलल्यानं चांगली माणसं दुरावतात. आणि पैशाचीच गोष्ट निघाली आहे तर दोन कामं या आठवड्यात करा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे का आणि चालू आहे का ते पाहा. 2016 मध्ये सुरू झालेली ही राज्य सरकारची योजना आहे; पाच वर्षं गोव्यात राहिलेल्या कुटुंबाला मिळते. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला 2.5 लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला 4 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण तिच्यात आहे. दुसरं, यजमानांच्या पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात होता का ते कारखान्यात विचारा. कापला जात असेल तर आजारपणातला भत्ता मिळतो, आणि पक्षाघातासारख्या लांबणाऱ्या दुखण्याला त्याची मुदतही वाढवून मागता येते. हा तुमचा हक्क आहे, तो मागताना मान खाली घालायचं कारण नाही.

आता त्या चिडीबद्दल. तिची लाज वाटून घेऊ नका. दारात ठेवलेला प्रत्येक डबा तुम्हाला सांगतो की या घरात आज चूल नीट पेटली नाही. ज्या बाईनं वर्षानुवर्षं आपलं घर आपल्या हातानं चालवलं, तिला हे रोज ऐकून घेणं जड जाणारच. त्यात डबा धुवायचा, कोणाचा कोणता ते लक्षात ठेवायचं, आणि रिकामा परत करायचा नाही ही आपली रीत, म्हणजे त्यात काही तरी घालून द्यायचं. रात्रभर रुग्णाजवळ जागलेल्या बाईनं सकाळी चार डबे भरून परत करायचे? चिमूटभर साखर घाला आणि मुलाच्या हाती पाठवा. साखरेनं रीत पूर्ण होते, आपल्या आज्यांनीही अडचणीत तेच केलं.

आणि दार बंद करायचा तुम्हाला अधिकार आहे. आजारी माणसाच्या घरी येणारे खूपदा तोच प्रसंग पहिल्यापासून ऐकायला मागतात, आणि तुम्ही तो सांगता तेव्हा यजमान आतल्या खोलीत ऐकत असतात. भेटीची वेळ ठरवा, समजा संध्याकाळी पाच ते सहा, आणि ती मुलीकडून वाड्यावर सांगून ठेवा. कोणी रागावणार नाही. आपण भलत्या वेळी तर जात नाही ना, हा घोर येणाऱ्यालाही असतोच.

खाण्याबद्दलही स्पष्ट बोला. पक्षाघातानंतर काहींना गिळताना त्रास होतो आणि अन्न श्वासनलिकेत जायची भीती असते. चिवडा, चकली, शंकरपाळी असलं कोरडं, भुरभुरीत खाणं डॉक्टरांनी गिळणं तपासून परवानगी दिल्याशिवाय त्यांना देऊ नका, कोणी कितीही मायेनं पुढे केलं तरी. पाणी पितानाही ठसका लागत असेल तर लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला. रक्तदाबाचा त्रास असेल तर मीठ कमी हवं. "त्यांच्यासाठी मऊ आणि अळणी, आम्हाला काहीही चालेल," एवढं एक वाक्य वाड्यावर पोचवलंत की येणारे निम्मे डबे उपयोगाचे होतील. लोकांना मदत करायची असते, कशी करायची ते त्यांना कळत नसतं. तुमच्याकडे येऊन "कितें जाय तें सांग गो" (काय हवं ते सांग) म्हणतात ना, ते मनापासून विचारतात. त्या प्रश्नाला उत्तर द्या.

उत्तर म्हणजे नेमकं काम आणि नेमका वार. फिजिओथेरपीच्या दिवशी यजमानांना धरून रिक्षापर्यंत न्यायला दोन तरणी पोरं. रविवारी दुपारी दोन तास त्यांच्याजवळ बसायला कोणी तरी, म्हणजे तुम्ही झोपू शकाल. मी मुद्दाम झोप म्हटलं, मंगेशीला जाऊन या असं म्हणत नाही. देवदर्शन नंतर होईल. पक्षाघातानंतर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगानं होते, म्हणजे तुमचे हे दिवस फार मोलाचे आहेत आणि व्यायाम चुकता कामा नये. नाताळ झाला की माणसं आपापल्या कामाला लागतील, जत्रा सुरू होतील, डबे आपोआप कमी होतील. त्यात कोणाचा दोष नाही. म्हणून आता सगळे विचारताहेत तोवरच पुढच्या तीन महिन्यांचे वार वाटून द्या.

आणखी एक गोष्ट मागा, ही मला फार महत्त्वाची वाटते. चवथीच्या रात्री जे लोक घुमट घेऊन तुमच्या घरी आले होते, त्यांना एखाद्या रविवारी संध्याकाळी पुन्हा बोलवा. घुमट, शामेळ, झांजा घेऊन या आणि यजमानांसमोर चवथीच्या आरत्या म्हणा, असं सांगा. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की बोलायचे शब्द हरवतात, पण लहानपणापासून तोंडात बसलेली आरती किंवा प्रार्थना काही रुग्णांना चालीवर म्हणता येते, कारण गाणं आणि बोलणं मेंदू तंतोतंत एकाच वाटेनं करत नाही. वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ चालीचा असा उपयोग करतात. सगळ्यांनाच हे जमतं असं नाही. तेव्हा यजमानांवर दडपण आणू नका, त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत बसू नका. नुसती आरती म्हणा. एखादी ओळ त्यांनी धरली तर धरली. त्यांची चुकलेली चवथ थोडी तरी त्यांच्यापर्यंत पोचेल, आणि ज्यांनी ती तुमच्याशिवाय पार पाडली त्यांनाही बरं वाटेल.

मुलाच्या हसण्याचा राग आला, असं तुम्ही लिहिलंत. त्याचा बाप आजारी आहे हे तो एका क्षणासाठीही विसरलेला नाही. चवथीला बापाच्या पाटावर बसून त्यानं पूजा केली. बारा वर्षांच्या पोरावर ही केवढी जबाबदारी! त्यानंतर कोणी तरी त्याला हाक मारून नरकासुराचे हातपाय बांधायला, गवत भरायला, रंग द्यायला नेलं. रात्रभर पोरांत राहून तो हसला. त्या पोरांनी त्याला जे दिलं ते त्या क्षणी तुम्हाला देता येत नव्हतं, आणि त्यात तुमचं काही उणं नाही. पुढच्या वेळी हसत आला तर नरकासुर केवढा झाला होता ते विचारा. मुलीच्या बाबतीतही तेच. आंटींच्या घराची तिला सवय लागली असेल तर लागू द्या.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्या लेकाच्या दुखण्यानं खचल्या आहेत. त्यांना एकच गोष्ट दाखवा. आंटींनी चवथीला काय पाठवलं? नारळ आणि पपनसं. शिजवलेलं काही नाही. सणाच्या दिवशी तुमच्या घरात काय चालतं आणि काय चालत नाही, याची जाण ठेवून त्यांनी निवड केली. ती पपनसं सुपारीच्या घडांबरोबर, आंबाड्यांबरोबर, माट्टीच्या फुलांबरोबर माटोळीला टांगली गेली आणि गणपती दीड दिवस त्यांच्याखाली बसला. देवाला चाललं ते आपल्याला का चालू नये, हे सासूबाईंना त्यांचं त्यांनाच सुचेल. गोव्यात हे नवीन नाही. म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीला हिंदू भाविक तेल घेऊन जातात, ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानली जाते. सासूबाई साताऱ्याहून आल्या आहेत, त्यांना हे बघायला वेळ लागला तर लागू दे.

आता आंटी आणि नाताळ. सोनं देऊ नका. तुमची परिस्थिती वाड्याला माहीत आहे. तुम्ही सोनं दिलंत तर आंटींना ते घेताही येणार नाही आणि परत करताही येणार नाही. शिवाय एवढं मोठं देणं दिलं की समोरच्याला वाटतं, हिला आपलं नातं मिटवून मोकळं व्हायचंय.

तुमच्या पत्रात तुम्ही एक वाक्य ओझरतं लिहून पुढे गेलात: त्यांची आई जूनमध्ये वारली. म्हणजे आईशिवायचा हा त्यांचा पहिला नाताळ. अनेक ख्रिस्ती घरांत दुखवट्याच्या वर्षी कुसवार, म्हणजे नाताळचा फराळ, करत नाहीत. नेवऱ्या तळत नाहीत, दोदोल ढवळत नाहीत, दारावर चांदणीचा कंदील, नक्षत्र, तोही लावत नाहीत. अशा घराला गोडधोड शेजाऱ्यांनी पुरवायचं असतं. आपल्याकडेही सुतक झालेल्या घरात पहिल्या सणाला तळण घालत नाहीत आणि नातेवाईक, शेजारी फराळ घेऊन जातात. माझ्या माहेरी डिचोलीला माझे आजोबा गेले त्या दिवाळीत आमच्या स्वयंपाकघरात कढई चढली नव्हती आणि फोव मात्र पाच प्रकारचे होते.

तेव्हा 24 डिसेंबरला सकाळी आंटींकडे जा. नेवऱ्या न्या, त्या तुमच्या करंज्याच, आणि इथे चवथीला आपण करतो तशा नाताळला त्याही करतात. हातून होणार नसेल तर बाजारातून किंवा बचत गटाच्या बायकांकडून घ्या, त्यात कमीपणा नाही. साताऱ्याहून कोणी येणार असेल तर कंदी पेढे मागवा, ते तुमच्या गावचं म्हणून त्यांना अधिक आवडतील. आणि थोडा वेळ बसा. त्यांच्या आईबद्दल विचारा. नाताळात त्या काय करायच्या, दोदोल ढवळायला कोणाला बसवायच्या, असलं काही तरी. गेलेल्या माणसाचं नाव काढलं तर समोरचा रडेल म्हणून आपण विषय टाळतो, आणि त्या माणसाला वाटत राहतं की आपल्या आईची आठवण आता कोणालाच नाही. त्या रडल्या तर रडू द्या. मुलीला बरोबर न्या, महिनाभर त्या घरात राहिलेली ती आहे. तिनं केलेलं एखादं नाताळाचं कार्ड तुमच्या सोन्यापेक्षा त्यांना जवळचं वाटेल. जूनमध्ये त्यांच्या आईची वर्षाची मीस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, होईल. ती तारीख आत्ताच वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी चर्चमध्ये मागच्या बाकावर का होईना, जाऊन बसा.

बाकीच्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. भेटतील तेव्हा "देव बरें करूं" म्हणा आणि पुढे लांबण लावू नका. प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी आणून आभार मानलेत तर मदत करणारा अवघडतो आणि पुढच्या वेळी यायचं टाळतो.

तुमच्या स्वतःबद्दल पत्रात फारसं काही नाही, म्हणून विचारते: जेवता का? पाठ दुखते का? रात्री यजमान झोपल्यावर तुम्हाला झोप लागते का? आणि यजमान वारंवार रडत असतील, जेवण नको म्हणत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. पक्षाघात झालेल्या साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं, आणि त्यावर औषध असतं. कधी कधी मेंदूच्या इजेमुळेही कारण नसताना रडू येतं, म्हणून ते दुःखानंच रडताहेत असं धरून तुम्ही आतून तुटू नका. तुम्हाला स्वतःला फार जड झालं तर 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि नाव सांगावं लागत नाही.

शेवटी गडगा. अर्ज आत्ता मागे घेऊ नका. त्या शेजाऱ्यांनी माटोळी बांधली ती गडग्याच्या बदल्यात बांधलेली नाही; तुम्ही अर्ज मागे घेतलात तर त्यांच्या त्या कामाला तुम्हीच किंमत लावाल. शिवाय अर्ज यजमानांच्या नावावर आहे, जमीन त्यांनी कष्टानं घेतली आहे, आणि ते बोलू शकत नसताना त्यांच्या वतीनं ती सोडून देणं बरोबर नाही. पण त्यांनी वाद चालवावा अशी परिस्थितीही आता नाही. म्हणून पंचायतीला लेखी द्या की आजारपणामुळे पुढची तारीख लांबवावी, आणि त्याची प्रत स्वतः त्या शेजाऱ्यांच्या घरी नेऊन द्या. निरोप्याच्या हातून पाठवू नका. माटोळी किती सुरेख झाली होती ते त्यांना सांगा, फोटो असेल तर यजमानांना दाखवल्याचं सांगा. गडग्याचं मोजमाप पुढे कधी तरी दोन्ही घरांतली माणसं समोर असताना होईल, असं म्हणा. ते चहा घ्या म्हणाले तर घ्या.